गिधाडांसाठी नोंदवलेली म्हैस

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून नेहमी चुकतं, त्याची माफी आधीच मागून ठेवते. चौथीपर्यंत शिकले, तेही मराठी शाळेत. पुढचं सगळं आयुष्य रायपुरात हिंदी पाट्या वाचण्यात गेलं, त्यामुळे कधी कधी हिंदी काना-मात्रा मराठीत घुसतात. त्यात ही डायरी. नव्या रायपुरच्या एका कार्यालयानं गिधाडांच्या सभेत फुकट वाटलेली. कागद इतका गुळगुळीत की शाई बसत नाही, नुसती घसरते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात गिधाड म्हणून जो पक्षी छापला आहे तो गरुड आहे. गिधाडाच्या मानेला पिसं नसतात. गिधाडासाठी एवढी डायरी काढली, पण छापण्याआधी एकदा गिधाड बघून घ्यावं असं कोणाला वाटलं नाही.

मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लहानपणापासून असंच आहे. पण मनात मी सगळ्यांना बोलत असते, आणि मनात कोणाची गय करत नाही.

लग्न होऊन रायपुरातल्या तेलीबांधा तलावाच्या काठी आले तेव्हा तलावाच्या पलीकडे मोकळा माळ होता. आमचे लोक मूळचे विदर्भातले. नवरा रेल्वेत खलाशी, आणि घरी सासूच्या चार म्हशी. माळाच्या टोकाला मेलेली जनावरं टाकायची जागा होती. तिथे अर्जुनाची उंच झाडं होती. इकडचे लोक त्याला कउहा म्हणतात. त्या झाडांच्या फांद्या चुना फासल्यासारख्या पांढऱ्या झालेल्या असायच्या, गिधाडांच्या विष्ठेनं. किती गिधाडं होती ते सांगता येणार नाही. घरातल्या माश्या कोणी मोजतं का?

कातडं काढणारे दोघे भाऊ यायचे. त्यांचं काम झालं की ते बाजूला होऊन बिडी पेटवायचे आणि मग गिधाडं उतरायची. मी सकाळी शेण काढून, गोवऱ्या थापून, आंघोळ करून यायची, तोवर म्हशीच्या जागी हाडं राहिलेली असायची. वास नाही, माशी नाही. पोट भरलं की त्यांना उडता यायचं नाही. दारू प्यालेल्या माणसासारखी धडपडत थोडं पळायची, मग पंख पसरून उन्हात उभी राहायची. पाठीवर पांढरा पट्टा दिसायचा. आपसात भांडताना गरम तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज काढायची.

मला ती आवडायची असं मी लिहिणार नाही. कोणालाच आवडायची नाहीत. एकदा एक गिधाड गोठ्याच्या छपरावर बसलं तर सासूबाईंनी घरभर गोमूत्र शिंपडलं आणि आठ दिवस घरात कोणी शिंकलं तरी त्या गिधाडाचं नाव घेतलं. दगड मारून ते मीच उडवलं होतं. हावरट माणसाला आम्ही गिधाड म्हणायचो. आता पेपरात त्यांना निसर्गाचे सफाई कामगार म्हणतात. बरोबर आहे. सफाई कामगारालाही आपण असंच दारातून हाकलतो, आणि तो चार दिवस आला नाही की त्याची थोरवी सांगतो.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि माणसं येडी झाली. ज्याला बघावं त्याच्या हातात प्लॉटचा नकाशा. आमच्या ह्यांच्या तोंडी सुद्धा दुसरं काही नसायचं. आज अमक्यानं इतक्याला घेतला, तमक्यानं तितक्याला विकला. ह्यांनी स्वतः एक वीतभर जमीन घेतली नाही, पण दुसऱ्याच्या प्लॉटचा भाव सांगताना छाती फुगायची. तेव्हा गिधाडं कमी होत होती. आज कोणी म्हणत असेल की आम्हाला तेव्हाच जाणवलं होतं, तर तो खोटं बोलतो. मी रोज आकाशाकडे बघायची, पण ते गोवऱ्या झाकाव्या लागतील का एवढंच बघायला.

आमची एक म्हैस मेली तेव्हा पहिल्यांदा कळलं. भावांनी कातडं नेलं. चौथ्या दिवशी वारा फिरला आणि असा वास आला की सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

"ह्या बारी गिधाडं नाही आले वाटते," त्या म्हणाल्या.

"नसतील आले," हे म्हणाले.

"काहून?"

"मले काय माहीत? मी काय थ्याईले बोलवाले जातो?"

एवढाच शोक झाला. हजारो वर्षं जी जात आपल्या मढ्यांवर जगली, तिच्यासाठी आमच्या घरात चार वाक्यं बोलली गेली आणि मग सासूबाईंनी उदबत्ती लावली. पुढे कुत्री वाढली. कातडं काढणाऱ्यांतल्या धाकट्या भावाला कुत्र्यांनी पोटरीला फाडलं, त्यानंतर ते दोघेही यायचे बंद झाले. मग लोक मेलेलं जनावर सरळ नाल्यात लोटू लागले.

आता इंजेक्शनचं लिहिते, कारण ते टाळून बाकी सगळं लिहिलं तर मी त्या डायरीवाल्यांसारखीच होईन.

आमच्याकडे मोटरसायकलवरून एक माणूस यायचा. सगळे त्याला डॉक्टर भैया म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता. जनावरांच्या दवाखान्यात तो पट्ट्या गुंडाळायचा, असं नंतर कळलं. पण त्याच्याकडे दुखण्याच्या औषधाची मोठी बाटली असायची, माणसांसाठीच बनवलेली, स्वस्त. सड सुजून म्हैस दूध काढू देत नाही, पाय आपटते, खात नाही. एक सुई दिली की दुपारपर्यंत उठून कडबा खायची आणि संध्याकाळी दूध. आजार बरा व्हायचा नाही, पण दूध यायचं. दर वेळी त्याला पैसे द्यायला नकोत म्हणून सासूबाई म्हणाल्या, शिकून घे. त्यानं शिकवलं. मानेवर हातानं दोन-तीन थापा मारायच्या, आणि थापा मारता मारताच सुई आत घालायची, म्हणजे जनावराला थाप कुठली आणि सुई कुठली ते कळत नाही. मला हे फार छान जमलं. माझा हात हलका. चौथी शिकलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही, पण सुईसाठी सगळ्या गल्लीतली माणसं मला बोलवायला यायची. "वैनी, जरा चालता का, आमची गाय उठूनच नाही राहिली." मी पदर खोचून जायची. माझ्या जन्मात मला इतका मान कधी मिळाला नाही.

मरायला टेकलेल्या जनावरालाही आम्ही सुई द्यायचो. ही आमच्याकडची रीतच होती. दया म्हणून देतो असं म्हणायचो. खरं म्हणजे आणखी एक दिवस दूध मिळेल का, किंवा उभी राहिली तर कोणी गिऱ्हाईक बघून घेईल का, ह्यासाठी द्यायचो. मग ती मरायची आणि आम्ही तिला माळावर टाकायचो, सुईसकट.

पुढे महापालिकेनं तलाव सुंदर करायचं ठरवलं आणि सगळे गोठे उठवले. तिथे आता लोक चालायला येतात आणि चालून झालं की जितकं चालले त्याच्या दुप्पट चाट खातात. आम्ही नव्या रायपुरच्या रस्त्यावर एका गावाच्या कडेला गेलो. सासूबाई वारल्या, हे रिटायर झाले. दोन दुभत्या म्हशी राहिल्या आणि एक म्हातारी भाकड, उजव्या मागच्या पायानं लंगडी. दूध हे मोटरसायकलवर शहरात तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत घालायचे. तिथल्या आज्या अजून मराठीत दुधाला नावं ठेवतात आणि त्यांची नातवंडं हिंदीत.

मग एक दिवस गावात गाडी आली आणि गोठेवाल्या बायकांना सभेला घेऊन गेली. नव्या रायपुरात त्या कार्यालयाची इमारत आहे. तिथे रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि ओळखू यावा असा माणूसही नसतो. गार हवेचा हॉल. पडद्यावर गिधाडं. एक साहेब बोलले. गिधाडं कशी कोट्यवधी होती, कशी संपली, ते सांगितलं. आपण दिलेली सुई जनावराच्या मांसात राहते, ते मांस खाऊन गिधाडाची किडनी जाते, त्याची मान लोंबकळते, आणि ते फांदीवरून खाली पडतं. पडद्यावर मान टाकून बसलेलं गिधाड दाखवलं.

ते चित्र मी आधी पाहिलं होतं. पडद्यावर नाही, कउह्यावर. मान खाली घालून दिवसच्या दिवस बसलेली गिधाडं. मला वाटायचं, झोप काढतात, आळशी मेली. त्या गार हॉलमध्ये माझे कान तापले. इतकी वर्षं ज्या हाताची तारीफ ऐकली तो हात मी पदराखाली घेतला.

साहेब पुढे म्हणाले की दूर एका केंद्रात गिधाडांची पिल्लं वाढवतात, आणि जंगलाकडच्या टेकडीवर काही जंगली गिधाडं अजून तगून आहेत. त्यांच्यासाठी तिथे जेवणाची जागा केली आहे. तिथे सुई न दिलेली मेलेली जनावरं हवीत. ज्यांच्याकडे म्हातारं जनावर आहे त्यांनी नाव नोंदवायचं, सुई देणार नाही असं लिहून द्यायचं. अर्धे पैसे आत्ता, अर्धे जनावर मेल्यावर. दुखलंच तर गिधाडाला न मारणारं दुसरं औषध आहे, त्यासाठी फोन करायचा, माणूस येऊन देईल.

माझ्या शेजारी बसलेली आमच्या गल्लीतली वहिनी हळूच म्हणाली, "पाहून राहिली का वैनी? गिधाडाले अख्खी म्हैस, अन् आपल्याले एक समोसा."

"किसी को कुछ पूछना है?" साहेबांनी विचारलं.

मला पुष्कळ विचारायचं होतं. ती मोठी बाटली माणसाच्या दवाखान्यासमोर दुकानात अजून मिळते, ती कोण बंद करणार? फोन केला तर उचलणार कोण? गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं म्हणता, मग माझ्या एका हातानं जेवढी मारली तेवढी भरून यायला किती साहेब रिटायर व्हावे लागतील? पण माझी जीभ टाळ्याला चिकटली. कोणीच काही विचारलं नाही. साहेबांनी ते आपलं यश समजलं, टाळ्या झाल्या, आणि डायऱ्या वाटल्या.

मी म्हातारी म्हैस नोंदवली. तिच्या कानाला हिरवा बिल्ला लावला. सहा हजार रुपये मिळाले आणि त्यांचे गोठ्यावर पत्रे टाकले. कागदावर सुई देणार नाही असं लिहून मी सही केली. माझी सही सावकाश होते, अक्षर अक्षर लावून. साहेब घड्याळ बघत होते.

वर्षभरानं, उन्हाळ्यात, ती म्हैस पाणी प्यायला जाताना घसरली. लंगड्या बाजूवर पडली ती उठलीच नाही. पहिल्या दिवशी कण्हत होती. दुसऱ्या दिवशी दात खाऊ लागली. जनावर दात खातं तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला मी काय सांगणार. मी फोन केला. "साहब दौरे पर हैं." पुन्हा केला. "दवा अभी सप्लाई में नहीं है अम्मा, लिख लिया है." तिसऱ्यांदा घंटी वाजत राहिली. हे बाजारात ते दुसरं औषध शोधायला गेले आणि चार दुकानं फिरून नेहमीचीच बाटली घेऊन आले.

"दे," हे म्हणाले.

"म्या लिहून देल्लं आहे."

"अवं, लिहून तं थ्याईनंही देल्लं होतं, मानूस येईन म्हणून. आला का? पाह्य तिच्याकडे. कोन पाहून राहिलं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दिली. थापा मारल्या आणि थापांत सुई घातली. ती शांत झाली, मान लांब केली, माझ्याकडे बघत राहिली. हे दयेनंच केलं, आणि पहिल्यांदा खरोखर दयेनं. पण मांसाला काय कळतं दया कशी होती ते? दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेली.

दुखण्याच्या फोनवर तीन दिवस कोणी आलं नव्हतं. मेल्याचा फोन ह्यांनी केला तर दीड तासात गाडी हजर. साहेब स्वतः, नवा गॉगल, बरोबर फोटो काढणारा माणूस आणि उचलायला चार मजूर. साहेब खुशीत होते. टेकडीवर त्या आठवड्यात सात गिधाडं उतरली होती आणि खायला काही नव्हतं म्हणून घिरट्या घालत होती. सात. आमच्या एका झाडावर सकाळी यापेक्षा जास्त असायची. पण आता सात म्हणजे सगळी. आणि माझ्या अंगणात त्या सातांचं मरण पडलं होतं, कानात सरकारी बिल्ला घालून.

साहेबांनी फॉर्म काढला. "कोई सुई-वुई तो नहीं दी ना?"

"नाही, नाही," हे म्हणाले. "एकदम शुद्ध माल आहे साहेब." उरलेले सहा हजार ह्यांच्या डोळ्यांत दिसत होते.

मी दाराला टेकून उभी होते. मला वाटलं, तपासणी करतील. सभेत सांगितलं होतं, काळजाचा तुकडा घेऊन तपासतात. मी बघत राहिले की ते सामान केव्हा काढतात. साहेबांनी पेन काढलं.

"दिली," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं ऐकूच गेला नसेल. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"क्या दी, अम्मा?"

मी आत जाऊन बाटली आणली आणि साहेबांपुढे धरली. हे माझ्याकडे असे बघत होते जसं काही मी भर बाजारात डोक्यावरचा पदर पाडला. साहेबांनी बाटलीवरचं नाव वाचलं. त्यांचा चेहरा जरासा उतरला. मग त्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. आणि हसले.

"अरे, अम्मा को क्या मालूम. दूसरी भैंस को दी होगी. क्यों भैया?"

"हव," हे म्हणाले. "हिले काही समजत नाही साहेब. चौथी पास आहे."

"हिलेच देल्ली," मी म्हशीकडे बोट दाखवून म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, कारण मराठी त्यांना समजली नाही असं ते म्हणू शकले असते. "इसको दी. कल."

साहेबांनी फॉर्मवर 'नहीं' लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत. त्यांना आकडा हवा होता, गिधाडं नको होती. त्या महिन्यात इतकी जनावरं टाकली असं कुठेतरी लिहायचं होतं, आणि सात गिधाडं मेली तरी ती जंगलात मेली असती, साहेबाच्या टेबलावर नाही. मजुरांनी पायाला दोर बांधायला घेतला. फोटोवाला म्हणाला, अम्मा, जरा भैंस के पास खड़े हो जाओ.

बोलणं मला जमत नाही. बोलून झालं होतं, तेही वाया गेलं होतं. मी गोठ्यात गेले. फिनाइलचा पाच लिटरचा डबा नुकताच आणलेला होता, झाकण अजून घट्ट होतं, दातांनी उघडलं. आणि बाहेर येऊन तो सगळा डबा म्हशीवर ओतला. तोंडापासून शेपटीपर्यंत, पोटाखाली, कासेवर. मजूर मागे उड्या मारत सरले. एकाच्या चपलेवर सांडलं, त्यानं मला शिवी दिली, ती मला लागली नाही. डबा रिकामा झाल्यावर मी तो उलटा धरून झटकला.

"पागल है क्या ये?" साहेब ओरडले.

"आता न्या," मी म्हणाले.

फिनाइलनं पांढरी झालेली म्हैस फोटोत घालता येत नाही. गाडी रिकामी गेली. गल्लीतल्या वहिनीनं कुंपणावरून सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, "वैनी, येवढ्या फिनाइलात तं माह्या घरच्या फरश्या वर्षभर पुसून झाल्या असत्या." मग ती पाणी घेऊन आली. ह्यांनी खड्डा खणायला माणसं आणली आणि म्हैस गोठ्यामागे पुरली.

महिन्याभरानं नोटीस आली. हिंदीत, रजिस्टर पोस्टानं. तिच्यात सुईचा शब्द नव्हता. लिहिलं होतं की जनावराच्या मालकिणीनं जाणूनबुजून मृत जनावर रसायन टाकून निकामी केलं, म्हणून आगाऊ दिलेले सहा हजार आणि गाडीचे दीड हजार भरावे. ह्यांनी ती घडी करून गोठ्याच्या फटीत खोचली.

"सरकारचे पैसे कोनी वापस करते काय? दोन वर्सांनी थ्याईले यादही नाही राहत."

हे त्यांचं बरोबर होतं. आठवण ठेवण्याइतकीही त्या लोकांची लायकी नव्हती. पण मी कागदावर सुई देणार नाही म्हणून सही केली होती आणि सुई दिली होती. फिनाइलनं म्हैस निकामी केली हा आरोप खोटा होता, ती आधीच सुईनं निकामी झाली होती, पण सहा हजार खरे होते, आणि त्या पत्र्यांखाली मी रोज उभी राहत होते. त्या साहेबाचं मला काही नको होतं. एक रुपया सुद्धा नको. मी त्यांच्यासारखी नाही, एवढं तरी मला स्वतःशी म्हणता यायला हवं होतं.

तात्यापाऱ्यातल्या घरांना मी तूप विकायला लागले. आधी तूप घरात राहायचं, ह्यांना पोळीवर लागायचं. ह्यांच्या पोळ्या कोरड्या झाल्या. हे रोज ताटाकडे बघायचे आणि पोळी वरणात बुडवून खायचे. पहिल्यांदा हजार रुपये जमले तेव्हा मी एकटीच बसनं नव्या रायपुरला गेले. तिथे बस केव्हा येते ते बसवाल्यालाही माहीत नसतं. थांब्यापासून ती इमारत इतकी लांब की गाडी नसलेल्या माणसाचा विचार करून ते शहर बांधलेलंच नाही.

बाबू मला म्हणाला, "अम्मा, पैसे देने का हेड है. लेने का नहीं है."

"नोटिस तुमने भेजा."

"नोटिस दूसरे सेक्शन ने भेजा."

दुसऱ्या सेक्शननं पहिल्याकडे पाठवलं. पैसे मागणाऱ्या कार्यालयात पैसे घेणारी खिडकी नव्हती. मी त्या दिवशी हजार रुपये परत घेऊन आले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसले आणि तिथेच बसून राहिले. मी काही बोलत नव्हते. न बोलता बसणं मला येतं, त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी तो कंटाळला आणि पावतीपुस्तक शोधून आणलं.

असे सव्वा वर्ष हप्ते भरले. तेवढ्यात साहेबांची बदली झाली, बढतीवर. कोणत्या तरी दुसऱ्या जातीला वाचवायला गेले असतील. एकदा मी बाबूला विचारलं की टेकडीवरची गिधाडं आहेत का.

"कौन से गिद्ध?"

मग त्याला आठवलं. म्हणाला, आहेत, मागच्या थंडीत नऊ दिसली, दोन पिल्लं धरून. माझ्या म्हशीशिवाय जगली. मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही, मला आधी रागच आला, की ही नऊ आता ह्या लोकांच्या हातात आहेत. त्यांचं भलं होईल असं मला वाटत नाही. ती परत येतीलही, वर्षाला एक अंडं घालून, आमच्यातल्या प्रत्येकानं हातातली बाटली खाली ठेवली तर. आणि मी माणसं पाहिली आहेत. मी तर लिहून देऊनही ठेवली नव्हती. आता ठेवली आहे. गल्लीतून कोणी बोलवायला आलं तर मी जात नाही. ते तोंड वाकडं करून डॉक्टर भैयाकडे जातात, तो अजून येतो, आता कारनं.

गेल्या सोमवारी शेवटचे पाचशे भरले. बाबूनं नोटा मोजल्या. एक पन्नासची नोट फाटकी आहे म्हणून परत केली, मी कनवटीची दुसरी काढून दिली. त्यानं रजिस्टरात साडेसात हजार लिहिले, खाली रेघ ओढली आणि पावतीवर 'पूर्ण भुगतान' असा शिक्का मारला. शिक्का पुसट उठला होता. मी त्याला पुन्हा मारायला लावला. मग पावतीवरचा आकडा दोनदा वाचला आणि घरी आले. पैसे सगळे फिटले.